पावरोटी, घरगुती

मैदा, पाणी, मीठ व यीस्ट यांची कणीक आंबवून, साच्यात फुगवून व भट्टीत भाजून केलेला, सच्छिद्र पांढऱ्या गराचा व तपकिरी कवचाचा खाद्यपदार्थ. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. गोव्यात पाव भाजणाऱ्यास ‘पोदेर’ म्हणतात. तेथे पूर्वी कणीक आंबविण्यासाठी माडाची सूर (ताडी) वापरीत.

अंबड तालुक्यातील (जि. जालना) अंतरवाली सराटीसारख्या मराठवाड्याच्या गावांतून ज्वारी-बाजरीची भाकरी हे परंपरागत मुख्य अन्न होय. भाकरी फुगते ती आतील पाण्याच्या वाफेने, आणि तीही क्षणभरच. पावरोटीचे फुगणे निराळे. गव्हाचे पीठ पाणी घालून मळले असता त्यातील ग्लायडीन व ग्लुटेनीन या प्रथिनांपासून ग्लुटेनाचे चिवट, लवचिक जाळे बनते. यीस्ट पिठातील शर्करांचे किण्वन करून कार्बन डाय-ऑक्साइड वायू निर्माण करते व तो या जाळ्यात कोंडला जातो. ज्वारीच्या पिठात असे जाळे तयार होत नाही. ते कितीही मळले तरी वायू निसटून जातो.

एका मोठ्या पावरोटीस मैदा ५०० ग्रॅ., पाणी सु. ३०० मिलि., मीठ व साखर प्रत्येकी १० ग्रॅ., तेल १५ ग्रॅ. व कोरडे यीस्ट ५ ग्रॅ. पुरते. यीस्ट कोमट पाण्यात साखर घालून भिजवितात. फेस न आल्यास ते निकामी समजावे. पाणी कढत असल्यास यीस्ट मरते. कणीक १०–१२ मिनिटे मळून झाकून ठेवतात. ती दुप्पट होण्यास सु. २७° से. तापमानास तास-दीड तास लागतो. परंतु मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४०° से.च्या वर जातो, तेव्हा ती फार लवकर चढते व आंबूस होते. अशा वेळी यीस्ट निम्मे व पाणी गार घ्यावे. एकंदरीत घड्याळापेक्षा कणकेवर लक्ष ठेवणे श्रेयस्कर. नंतर वायू दाबून काढून, वळकटी करून ती तेल लावलेल्या साच्यात पुन्हा फुगू देतात आणि सु. २००° से. तापमानास ३५–४० मिनिटे भाजतात. भट्टी नसल्यास जाड पातेल्यात वाळू तापवून, वर झाकण ठेवूनही भाजता येते. मात्र माथा फिकट राहतो. तळाशी टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, की पावरोटी भाजली असे समजतात. गरम असताना कापल्यास गर चिकट लागतो.

व्यापारी पावात ग्लुटेन बळकट करण्यासाठी पोटॅशियम ब्रोमेट घालीत. ते कर्करोगकारक असण्याच्या शक्यतेमुळे भारतात २०१६ मध्ये त्याचा वापर बंद करण्यात आला. घरगुती पावरोटीत हे काम मळणे व पुरेसा वेळ यांनीच साधते. तीत परिरक्षक नसल्याने दमट हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी येते. शीतकपाटात बुरशी लांबते, पण स्टार्चचे पुन्हा स्फटिकीभवन होऊन पाव अधिक लवकर शिळा व कडक होतो.