पोत्यातले बीसुद्धा श्वास घेते



1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा होऊन आपला वाशीम जिल्हा झाला. त्याच आठवड्यात मी रिसोड तालुक्यातील एका शेताच्या धुऱ्यावर मान खाली घालून उभा होतो. नोकरी नवी होती. पेरणीआधी त्या घरी गेलो, तेव्हा मालकांनी घरच्या सोयाबीनचे पोते उघडून दाखवले होते. दाणा पिवळाधमक, कीड नाही, बुरशी नाही. मूठभर हातात घेऊन मी म्हणालो, "खुशाल पेरा." पाऊस चांगला झाला, वाफसाही बरोबर साधला. पण आठ दिवसांनी तासात हात-हात अंतरावर एखादे रोप दिसत होते. उकरून पाहिले तर दाणे कुजलेले. घरच्या बाई म्हणाल्या, "साहेब, बी तं चांगलं दिसत व्हतं, मंग निंगालं काऊन नाही?"

मला उत्तर देता आले नाही. दुबार पेरणीसाठी त्यांनी गळ्यातली पोत गहाण ठेवली, हे नंतर कळले. त्या प्रश्नाचे उत्तर आज लिहितो आहे.

ज्वारी टिकते, सोयाबीन का नाही?

बी म्हणजे झोपलेला जीव. झोपेतही तो मंद श्वास घेतो. हवेतला प्राणवायू जीवनाला लागतोच, पण त्याचा थोडासा अंश पेशीत उतावळा होतो आणि दिसेल त्याला झोंबतो. लोखंडाला गंज चढतो, डब्यातले शेंगदाणे खवट होतात, तो याच प्राणवायूचा प्रताप. त्याला सर्वांत आवडते ते तेल. ज्वारीत बहुतेक पिष्ठ असते, तेल थोडे. सोयाबीनमध्ये शेकडा 20 च्या आसपास तेल, आणि तेही लवकर खवट होणाऱ्या जातीचे. पेशीच्या भोवतीचा पातळ पडदाही स्निग्ध पदार्थांचाच असतो. तो खवटला की चाळणी होतो. असे बी ओल्या मातीत पडले की आतली साखर बाहेर झिरपते, तिच्यावर बुरशी पोसते आणि कोंब निघण्याआधी दाणा कुजतो. वरून मात्र दाणा टपोराच दिसतो. माझी फसगत झाली ती इथेच.

पेशीतले राखणदार

या उतावळ्या प्राणवायूला आवरायला निसर्गाने प्रत्येक जीवात राखणदार ठेवले आहेत. त्यांना विकर किंवा एन्झाइम म्हणतात. एक राखणदार उतावळ्या प्राणवायूचे हायड्रोजन पेरॉक्साइड करतो. अमेरिकेत मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या शास्त्रज्ञांनी त्याचे काम 1969 साली उजेडात आणले. अकोल्याचे आपले कृषी विद्यापीठ स्थापन झाले तेच साल. दुसरा राखणदार कॅटलेज. तो त्या पेरॉक्साइडचे साधे पाणी आणि प्राणवायू करून टाकतो.

हा कॅटलेज घरीच पाहता येतो. औषधाच्या दुकानातून जखम धुण्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. कच्च्या बटाट्याच्या कापावर दोन थेंब टाका, फसफसून फेस येईल. उकडलेल्या बटाट्यावर टाका, फेस येणार नाही. उष्णतेने राखणदार मेला! (प्रयोग मोठ्यांनी करावा, बाटली मुलांच्या हाती देऊ नये.)

कोरड्या बियात पाणी फार कमी असते, म्हणून हे राखणदार जवळजवळ स्वस्थ असतात. प्राणवायूची कुरतड मात्र हळूहळू चालूच राहते, आणि तिच्यात राखणदार स्वतःही झिजतात. पेरणीनंतर पाणी लागले की श्वास एकदम वाढतो, उतावळा प्राणवायूही वाढतो. नेमके तेव्हाच राखणदार आणि डागडुजी करणारी विकरे कमी पडली तर बी उठत नाही. मेलेल्या बियाला कितीही औषध चोळले तरी ते जिवंत होणार नाही.

ओल, ऊब आणि मार

बियाचे हे तीन शत्रू. बियातला ओलावा 1 टक्क्याने कमी केला की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. तापमान 5 अंशांनी उतरले तरी तसेच. हा ढोबळ नियम आहे, पण कामाचा आहे. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढणीच्या सोयाबीनवर आणि सुड्यांवर पाऊस पडला. त्यातले बी पुढच्या, 2020 च्या, खरिपात पेरल्यावर उगवण न झाल्याच्या तक्रारी राज्यात ठिकठिकाणाहून आल्या. शेंगेतले बी भिजले, वाळले, पुन्हा भिजले की साठवणीआधीच म्हातारे होते.

मार म्हणजे मळणीचा. सोयाबीनचा अंकुर पातळ सालीखाली अगदी वरच असतो. म्हणून बियाण्यासाठी मळणी करताना दाण्यात 14 टक्के ओलावा असेल तर यंत्राचे फेरे मिनिटाला 400 ते 500, आणि 13 टक्के असेल तर 300 ते 400 ठेवावेत. बी उन्हात पातळ पसरून वाळवावे व ओलावा 10 ते 12 टक्क्यांवर आणावा. पोती भिंतीला टेकवू नयेत, खाली लाकडी फळ्या घालाव्यात. थप्पी उंच लावू नये, पोते उचलून आपटू नये. खताच्या शेजारी किंवा तापलेल्या टिनाखाली बी ठेवू नये.

मे महिन्यातली परीक्षा

पोत्याच्या वरून, मधून व तळातून दाणे घ्या. चांगले निवडू नका, येतील ते 100 मोजा. ओल्या बारदानावर 10-10 च्या ओळींत ठेवून वर दुसरे ओले बारदान घाला, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सात-आठ दिवसांनी निरोगी कोंब मोजा. 70 किंवा अधिक निघाले तर एकरी 30 किलो बी पुरे. 65 निघाले तर 32 ते 33 किलो आणि 60 निघाले तर 35 किलो घ्या. 60 पेक्षा कमी निघाले तर ते बी पेरू नका. मे महिन्यात दुसऱ्या बियाण्याची सोय करायला वेळ असतो, जुलैत नसतो. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण जुंपू नका.

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात मी त्या घरी पुन्हा गेलो. ओसरीच्या कोपऱ्यात बारदानाची गुंडाळी होती. बाईंनी ती माझ्यासमोर उलगडली आणि कोंब मोजले, 82 भरले. या वेळी "पेरा" असे मला म्हणावे लागले नाही. बियाने स्वतःच सांगितले होते.