उसाचे पाचट पेटवू नका, सरीत कुजवा



ऊस तुटला, गाडी कारखान्याला गेली, की संध्याकाळी फडात काडी पडते. घटकाभरात रान मोकळे! आमच्या घरीही वडील हेच करीत. एका वर्षी वारा फिरला आणि शेजाऱ्याचा उभा ऊस आठ-दहा सऱ्या भाजला. भरपाई दिली, पण दोन वर्षे बोलणे बंद होते.

वारा नाही फिरला तरी नुकसान होतेच, फक्त ते दिसत नाही. एकरी तीन ते चार टन पाचट निघते. टनामागे सुमारे ५ किलो नत्र, २ किलो स्फुरद आणि ७ ते १० किलो पालाश असतो. पेटवले की नत्र धुरात जातो. पालाश राखेत उरतो, पण राख वाऱ्यावर उडते. शिवाय पाचटाचा तिसरा हिस्सा तरी सेंद्रिय कर्ब असतो. तो कर्बवायू होऊन आभाळात चढतो आणि हवा तापवायला हातभार लावतो. कुजतानाही बराच कर्ब उडतो, हे खरे. पण काही ह्युमस होऊन मातीत राहतो. आणि गेलेल्या नत्रापायी आपण जो युरिया आणतो, तो नैसर्गिक वायू वापरून बनतो. म्हणजे तिथेही कर्बवायू आलाच.

मग करायचे काय? बुडख्यांवरचे पाचट सरीत ओढा आणि बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. पाचटावर एकरी युरियाचे एक पोते, सुपर फॉस्फेटचे एक पोते आणि पाचट कुजवणारे जिवाणू ४ किलो शेणखतात मिसळून विस्कटा. लगेच पाणी द्या, नाहीतर युरियातला नत्र उडून जाईल. ओले पाचट पायाने दाबा. मातीला टेकले की लवकर कुजते.

"पाचटात नत्र आहे, मग वर युरिया कशाला?" असे पुष्कळजण विचारतात. कुजवणाऱ्या जिवाणूंना आधी नत्र लागतो. तो दिला नाही तर ते मातीतला ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. पुढे तोच नत्र पिकाला मिळतो.

पहिले पाणी सरीतून हळू सरकते, तेवढा धीर धरा. नंतर ओल टिकते आणि तणही फारसे उठत नाही. आंतरमशागत मात्र करता येत नाही, म्हणून खत पहारीने द्यावे. बुडख्यापासून वीतभर सोडून वीतभर खोल भोक घ्यायचे, दोन भोकांत फुटाचे अंतर. पहिली मात्रा पंधरा दिवसांत, दुसरी १३५ दिवसांनी विरुद्ध बाजूला. मजुरी लागते, पण खत मुळाशी जाते.

रान चिबड असेल, पाणी साचत असेल, तर सरीत पाचट ठेवू नका. तिथे ते सडते, मुळे गुदमरतात आणि मिथेन वायू सुटतो. असे पाचट बाहेर काढून बांधालगत उंचवट्यावर ढीग करा आणि शेणकाला शिंपडून कुजवा.