अवर्षणप्रवण जिल्ह्यातील पुराची स्मृती : धाराशिवचा ऑक्टोबर २०२० चा पूर

प्रस्तावना

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याची ओळख अवर्षणप्रवण प्रदेश अशी आहे. १९७२ च्या दुष्काळाची स्मृती येथे रोजगार हमीची कामे, पाझर तलाव आणि टंचाई आराखडे यांच्या रूपाने टिकून राहिली. पुराच्या स्मृतीस असा आधार लाभलेला नाही. अतिवृष्टीने पिके गेली तरी लोक त्यास ‘ओला दुष्काळ’ म्हणतात. म्हणजे पाण्याचा अतिरेकही दुष्काळाच्याच शब्दांत मांडला जातो. अशा प्रदेशात पूर कसा येतो, तो कसा आठवला जातो आणि त्या आठवणीची नोंद का आवश्यक आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

बालाघाटच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्यातील पाणी दोन दिशांना विभागले जाते. सीना व बोरी या नद्या भीमेच्या, तर तेरणा व मांजरा या गोदावरीच्या खोऱ्यातील आहेत. त्यांना मिळणारे ओढे लांबीने लहान असून वर्षातील बराच काळ कोरडे असतात. काळी जमीन कोरडी असताना भेगांतून पाणी शोषते. परंतु ओलाव्याने फुगून भेगा मिटल्या की पाणी मुरण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे पावसाळ्याच्या अखेरीस पडणारा जोरदार पाऊस जमिनीत न मुरता वेगाने ओढ्यात उतरतो आणि काही तासांत पूर येतो. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्यातून जादा पाणी ‘नर-मादी’ या दोन मार्गांनी सोडण्याची योजना आढळते. या नदीला मोठे पाणी येऊ शकते, हे आदिलशाहीतील बांधकाम करणाऱ्यांनी गृहीत धरले होते.

२०२० चा पूर

बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची तीव्र प्रणाली १३ ऑक्टोबर २०२० रोजी काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून तेलंगणमार्गे पश्चिमेकडे सरकली. १४ ऑक्टोबरला धाराशिव व सोलापूर जिल्ह्यांत अतिवृष्टी झाली. हा सोयाबीन काढणीचा काळ होता. काढून ठेवलेल्या गंजी वाहून गेल्या, विहिरी गाळाने भरल्या आणि नदीकाठची जमीन खरडून गेली. राज्य शासनाने पुढे १०,००० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. पिकाची हानी पंचनाम्यात आली. मात्र कोणत्या ओढ्याचे पाणी कोणत्या उंचीपर्यंत चढले, याची नोंद करणे हा पंचनाम्याचा हेतूच नसतो.

स्मृतीतील सरमिसळ

ग्रामीण समाज घटनेचा काळ तारखेपेक्षा सणावरून सांगतो. २०२० चा पूर अधिक आश्विनाच्या अखेरीस, घटस्थापनेच्या तीन दिवस आधी आला. २०२१ मध्ये ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या अवशेषामुळे मांजरेला आलेला पूर पितृपंधरवड्यातील होता. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम परिसरात हाहाकार उडाला तेव्हा घटस्थापना २२ सप्टेंबरलाच होती. तुळजाभवानीच्या जिल्ह्यात ‘नवरात्राचा पूर’ ही खूण स्वाभाविक ठरते. परंतु काही वर्षांनी तीच खूण २०२० व २०२५ या दोन्ही पुरांना लागू पडेल आणि दोहोंच्या आठवणी एकमेकींत मिसळतील. अशा वेळी पूरक खुणांचा उपयोग होतो. उदाहरणार्थ, २०२० च्या नवरात्रात करोनामुळे मंदिर भाविकांसाठी बंद होते.

पावसाळी उन्हाळ्याची आठवण याहूनही क्षीण असते. मे २०२५ मध्ये महाराष्ट्रात अवकाळी पाऊस वारंवार झाला आणि मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. अशा हंगामात मशागतीचे दिवस हुकतात. पण खोळंबलेल्या मशागतीचा पंचनामा होत नाही. परिणामी तो उन्हाळा पुढे आलेल्या पुराच्या आठवणीत विरून जाण्याची शक्यता अधिक.

नोंदीची गरज

अतिवृष्टी ठरविण्यासाठी महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस हा निकष आहे. तो पाऊस मोजतो. ओढ्याची पातळी सांगत नाही. सांगलीत आयर्विन पुलावरील मापकामुळे ४० फूट इशारा व ४५ फूट धोका हे आकडे नागरिकांच्या बोलण्यात रुळले. तेथे २००५ व २०१९ च्या पुरांची तुलना कोणीही करू शकतो. ओढ्याकाठच्या गावाला अशी तुलना करता येत नाही. म्हणून चार-पाच कोरडी वर्षे गेली की गोठा, पंप आणि कधी घरही पुन्हा पात्रालगत येते.

हे काम महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. भूगोल विभागाने पाण्याची उंची मोजावी, इतिहास विभागाने सण व घटनांच्या आधारे कालनिश्चिती करावी, मराठी विभागाने मौखिक निवेदने टिपावीत आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात शाळेच्या भिंतीवर वा मंदिराच्या पायरीवर वर्षासह पूररेषा रंगवावी. एकाच ठिकाणची किमान तीन निवेदने परस्परांशी ताडून पाहिल्याशिवाय रेषा निश्चित करू नये.

निष्कर्ष

दुष्काळ दीर्घकाळ चालतो म्हणून तो व्यवस्थेच्या स्मरणात राहतो. ओढ्याचा पूर एका रात्रीत ओसरतो आणि व्यक्तीच्या आठवणीपुरता उरतो. २०२०, २०२१ व २०२५ हे अनुभव पाहता धाराशिवला या दोन्ही आपत्तींची तयारी ठेवावी लागेल. पुराचे प्रत्यक्ष साक्षीदार गावात आहेत आणि भिंतींवरील ओलीचे डाग पूर्ण पुसले गेलेले नाहीत, तोपर्यंतच ही नोंद विश्वसनीय रीतीने करता येईल.