उशर आणि यरबूअ : वाळवंटातले दोन शेजारी



थंडी पडू लागली की यान्बूतली आपली कुटुंबं डबे बांधून वाळवंटात सहलीला निघतात. तिथे मुलं दोन गोष्टी हमखास विचारतात : हे जांभळट फुलांचं झुडूप कसलं, आणि गाडीच्या दिव्यात टुणटुण उड्या मारत गेला तो छोटा कांगारू का?

झुडूप आपल्या ओळखीचं आहे. गावाकडे शनिवारी मारुतीला रुईची माळ घालतो, त्याच रुईच्या कुळातलं हे. अरबीत याला 'उशर' म्हणतात. तो 'कांगारू' मात्र उंदराच्या गटातला जर्बोआ, अरबीत 'यरबूअ'. त्याला पोटाशी पिशवी नसते. पिशवीवाले प्राणी अरबस्तानात नाहीतच. मागचे लांब पाय आणि तोल सांभाळणारी शेपटी ही युक्ती निसर्गाने दोन्हीकडे वेगवेगळी घडवली.

पाण्याची अडचण दोघांनाही सारखीच, पण उपाय निराळे. उशर मुळं खोल नेतो आणि पानांवर मेणाचा थर चढवतो. यरबूअ दिवसभर बिळाचं तोंड वाळूने बंद करून आत बसतो आणि रात्री बाहेर पडतो. त्याला पाणी प्यावं लागत नाही. बिया आणि पाल्यातून मिळतं ते पुरतं, कारण लघवीतून तो फार थोडं पाणी जाऊ देतो.

शत्रूपासून बचाव कसा? यरबूअ पळतो. उशरला पळता येत नाही, म्हणून तो रसायनं बनवतो. आम्हा रसायनशास्त्रवाल्यांना याचं विशेष कौतुक! त्याच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. शेळ्या त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. त्यामुळे चरून उजाड झालेल्या जमिनीवरही तो हिरवागार उभा दिसतो. यरबूअला मात्र गवत, बिया आणि न तुडवलेली जमीन लागते. गाड्या वाटेल तिथे फिरवल्या की त्याची बिळं बुजतात.

म्हणून पालकांना दोन विनंत्या. मुलांना उशरची पानं, फळं तोडू देऊ नका. चीक हाताला लागला तर साबणाने धुवा. डोळ्यात गेला तर चोळू नका; निदान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवून लगेच डॉक्टरांकडे जा. कधी कधी डोळा फारसा दुखत नाही, पण नजर धूसर होते. तेव्हा उद्यावर ढकलू नका. आणि गाडी रुळलेल्या वाटेवरच ठेवा, यरबूअचा पाठलाग करू नका.

दोघांनाही लांबून पाहावं, हे उत्तम.