मोजमाप विज्ञानाचे – लेखांक ७ : कोसंबींना कोणत्या रकान्यात बसवायचे?

मागच्या लेखांकात एच-इंडेक्स काढण्याची रीत पाहिली: किमान वीस उद्धरणे मिळालेले वीस शोधनिबंध नावावर असतील, तर आकडा वीस. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली ही कल्पना मांडली, आणि त्यातली मेख त्यांच्याच उदाहरणांत होती. भौतिकशास्त्रात एडवर्ड विटेन ११० वर होते, तर जीवशास्त्रात सॉलोमन स्नायडर १९१ वर. एवढ्यावरून स्नायडर पावणेदोनपट थोर ठरत नाहीत. जीववैद्यकात संशोधक बक्कळ, निबंध भराभर निघतात आणि प्रत्येकाच्या शेवटी संदर्भांची लांबलचक यादी असते. शुद्ध गणितात यादी आखूड आणि वाचणारेही मोजके. क्षेत्रागणिक आकडे वेगळे येणार, हे हर्श यांनी तेव्हाच सांगितले होते. निवड समित्यांनी आकडा उचलला, इशारा तेवढा मागे ठेवला.

पण दोन माणसे दोन क्षेत्रांत असली तर तुलना टाळता तरी येते. एकाच माणसाचे काम अनेक क्षेत्रांत पसरले असेल तर? गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पेशाने गणिती. आधी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, मग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. भूमितीत त्यांचे नाव कार्तान आणि चर्न यांच्या जोडीने घेतले जाते. १९४४ साली त्यांनी जनुकशास्त्रात चार पानांचा एक निबंध लिहिला. गुणसूत्रावर एका जागी अदलाबदल झाली की जवळपास दुसरी होण्याची शक्यता घटते, हे जनुकांमधले अंतर काढण्याच्या हाल्डेन यांच्या १९१९च्या सूत्रात धरलेले नव्हते. कोसंबींनी ते धरले. पुनर्संयोजनाचे प्रमाण २० टक्के असेल, तर दोन जनुकांमधले अंतर हाल्डेन यांच्या सूत्राने सुमारे २५.५ सेंटिमॉर्गन येते, कोसंबींच्या सूत्राने सुमारे २१.२. पिकांचे जनुकीय नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आजही ‘हाल्डेन’ की ‘कोसंबी’ हा पर्याय निवडावा लागतो. मात्र पर्याय निवडणारा प्रत्येक जण मूळ निबंध संदर्भयादीत घालतोच असे नाही. सूत्र अंगवळणी पडले की उद्धरण गळते. म्हणजे यश पुरते मुरले की मोजणीतून निसटते! शिवाय भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती, नाण्यांच्या झिजेवरचे संख्याशास्त्रीय काम आणि १९५६चा भारतीय इतिहासावरचा ग्रंथ आहेतच. शोधनिबंधांवर उभ्या राहिलेल्या मोजणीत ग्रंथांची नोंद तोकडीच. काही गणिती निबंध त्यांनी एस. ड्युक्रे या टोपणनावाने छापले. ते कोणाच्या खात्यावर जमा करायचे?

यावर उत्तर तयार असते: क्षेत्रानुसार आकडे समपातळीवर आणा. ‘जगातल्या पहिल्या दोन टक्क्यांत आमचे इतके प्राध्यापक’ अशा बातम्या आपल्याकडची विद्यापीठे दरवर्षी ज्या स्टॅनफर्ड यादीवरून देतात, तिच्यात हे काम बरेच नेटके होते. १७४ उपक्षेत्रे केलेली आहेत, स्वतःच स्वतःला दिलेली उद्धरणे वगळूनही हिशेब मिळतो, लेखकांच्या क्रमालाही वजन आहे. नुसत्या एच-इंडेक्सपेक्षा ही यादी नक्कीच शहाणी. पण तिथेही ज्या उपक्षेत्रात निबंध सर्वाधिक, तेच माणसाचे मुख्य घर मानले जाते. कोसंबींना त्या न्यायाने गणितात बसवले, तर जनुकशास्त्रातली चार पाने परक्या फूटपट्टीने मोजली जाणार.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आकडे काढून टाकले की वशिला शिरतो, आणि आपल्याकडे ही भीती काल्पनिक नाही. मात्र आकडा कामाचा दर्जा ओळखतो, हे त्यातून सिद्ध होत नाही. कोसंबींनी १९५९ साली कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात रीमान गृहीतकाची सिद्धता मांडली. ती सदोष निघाली आणि त्यांच्या प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला. मोजणी करणाऱ्या यंत्रणेला हा निबंध आणि १९४४चा निबंध दोन्ही ‘एक’च, चुका दाखवण्यासाठी दिलेले उद्धरणही बेरजेत जमाच होते. दोष कळतो तो विषयातल्या माणसाने निबंध वाचल्यावर. वशिल्याला आळा घालायचा तर वाचणारे बाहेरचे असावेत आणि त्यांचे अभिप्राय लेखी, कारणांसह नोंदवावेत. एका जागेसाठी दोनशे अर्ज आले तर पहिल्या चाळणीला आकडे वापरायलाही हरकत नाही, पण एकाच उपक्षेत्रातल्या, साधारण एकाच वयाच्या उमेदवारांपुरते. कोसंबींसारखा दोन-तीन विषयांत वावरणारा उमेदवार आला, की त्याचा अर्ज चाळणीत न टाकता थेट वाचायला घ्यावा.