आठवड्याचे दोन-अडीच तास

“पोरगं कॉलेजात शिकतंय, त्याला वस्तीच्या कामात ओढू नका,” असे अनेक पालक आम्हाला सांगतात. काळजी खरी आहे. पण घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात गेलेल्या मुलामुलींना तिथे बरेचदा एकटे वाटते, अभ्यासात मन लागत नाही. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो, ही जाणीव अशा मनाला उभारी देते. विहारात लहानांना गणित शिकवणे, दोन आठवडे खोकणाऱ्या आजोबांना थुंकी तपासायला सरकारी दवाखान्यात नेणे, अशा कामांतून चारचौघांत बोलण्याचे धैर्य येते, माणसे जोडली जातात.

किती वेळ द्यावा? १९६९ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास, म्हणजे आठवड्याला साधारण दोन-अडीच तास धरले आहेत. तेवढे पुरे. काम मुलांनीच निवडावे, परीक्षेच्या दिवसांत सुट्टी द्यावी. मुलींना त्यासाठी घरकामातूनही मोकळीक द्यावी.

मात्र उदासी, झोप न लागणे दोन आठवडे टिकले तर समाजकार्य हा त्यावर उपचार नव्हे. डॉक्टरांना दाखवा किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. शिकलेल्यांनी समाजाचे ऋण फेडावे, ही बाबासाहेबांची अपेक्षा. ते फेडणारे मनही आपण जपू या. जय भीम!