विश्वस्ताला काढायचे कोणी?



ऊसबिल जमा झाले की देवळाच्या जीर्णोद्धाराला, गावच्या शाळेला आपण हात सैल सोडून देणगी देतो. पुढे हिशेबावरून कुरबूर सुरू झाली की पारावर एकच सूर निघतो, "काढून टाका त्या ट्रस्टीला!" पण काढायचे कोणी?

गावाने हात वर केले म्हणून विश्वस्त जात नाही. कारखान्याचा संचालक आपण मताने निवडतो, त्याला सहकार कायदा. देवस्थानचा कायदा निराळा, तो १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम. प्रथम ट्रस्टची घटना पाहावी. विश्वस्ताची मुदत, त्याला दूर करण्याची रीत तीत असेल तर त्याप्रमाणे ठराव करावा आणि नव्वद दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कचेरीत द्यावा.

घटनेत वाट नसेल तर कलम ४१-ड आहे. सहविश्वस्त किंवा ट्रस्टशी हितसंबंध असलेली कोणीही व्यक्ती धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करू शकते. आयुक्त स्वतः होऊनही दखल घेऊ शकतात. वारंवार हिशेब न देणे, कर्तव्यात सतत हयगय, पैशाची अफरातफर ही कारणे चालतात. मात्र आधी दोषारोप ठेवून विश्वस्ताचे म्हणणे ऐकावे लागते. निकाल मान्य नसेल तर पुढे कोर्ट आहेच.

ऐकून घेण्याची ही अट कशाला, असे कोणी म्हणेल. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचेच उदाहरण घ्या. १८९७ साली पुण्याचे सरदार बाबामहाराज वारले. मृत्युपत्राने टिळक त्यांच्या इस्टेटीचे एक विश्वस्त झाले. पुढे दत्तकावरून बिनसले. विधवा ताईमहाराजांनाही विश्वस्त परस्पर हटवता आले नाहीत, त्यांना १९०१ मध्ये कोर्टातच जावे लागले. १९०२ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी विश्वस्तांचे प्रोबेट रद्द केले, टिळकांवर खोट्या साक्षीचा खटला झाला, १९०३ मध्ये शिक्षाही झाली. १९०४ मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली. दत्तकाचा वाद १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलमध्ये टिळकांच्या बाजूने सुटला.

काणी आलेले बेट आपण मुळासकट काढतो, पण आधी रोग ओळखतो. तसेच इथेही आहे. देणगीची पावती जपून ठेवा, दरवर्षी हिशेब मागा, न मिळाल्यास लेखी मागा. उद्या अर्ज करायची वेळ आलीच, तर पारावरच्या आरड्याओरड्यापेक्षा तो कागदच कामी येईल.

— ऊस विकास अधिकारी